‘तो सुधारेल का?’ : एका प्रश्नाचा पन्नास वर्षांचा इतिहास

“लग्न झालं की सुधारेल.” “मूल झालं की सुधारेल.” “दारू सुटली की सुधारेल.” “वय झालं की आपोआप थंड होईल.” मारहाण करणाऱ्या नवऱ्याबद्दल ही वाक्यं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोलली जातात. बोलणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पण त्यांच्या भरवशावर कुणीतरी बाई बॅग उचलून परत त्याच घरात नांदायला जाते. म्हणजे बोलणाऱ्याला कळो न कळो, ही वाक्यं भाकितं आहेत. आणि भाकीत समोर आलं की संशोधन करू पाहणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा : हे कुणी तपासून बघितलंय का?

बघितलंय. १९७० नंतरच्या पन्नासेक वर्षांत, मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, पुष्कळ मेहनतीने. या लेखमालेत आपण संशोधन-प्रश्न कसा घडतो ते बघतोय. त्यासाठी हा इतिहास फार उपयोगी आहे, कारण इथे एकाच प्रश्नाला दर दहा वर्षांनी वेगळं उत्तर मिळालं. माणसं तीच, हिंसा तीच, मग उत्तर का बदललं? माझं म्हणणं आधीच सांगून ठेवते. ‘तो सुधारला का’ हे कुणाला विचारलं, काय मोजलं आणि किती दिवस मोजलं, यावर उत्तर बदलत गेलं. आणि सगळ्यांत भरवशाचं उत्तर मिळालं ते त्याच्याकडून नजर हटवून तिच्याकडे वळवल्यावर.

आधी तर प्रश्नच नव्हता

१९६०च्या दशकात अमेरिकी पोलिसांच्या लेखी नवरा-बायकोची मारामारी म्हणजे घरगुती कटकट. न्यूयॉर्कमध्ये मॉर्टन बार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९६७पासून पोलिसांना मध्यस्थी शिकवायला सुरुवात केली. दोघांना शांत करा, समजूत घाला, अटक टाळा, असा त्याचा रोख होता. त्या काळात ही पुरोगामी कल्पना वाटली होती. आपल्याकडच्या चौकीतलं “जा बाई घरी, मिटवून घ्या” हे वाक्य आठवलं असेल, तर बरोबर आठवलंय.

१९७१मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी सुरू केलेलं घर मार खाणाऱ्या बायकांचं आश्रयस्थान बनलं. १९७४मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात असंच आधारगृह उघडलं. तिथे काम करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार दिसायला लागली. एक बाई सुटून येते, आणि तोच पुरुष दुसरी बाई शोधतो. तेव्हा ‘पुरुषांचं काय करायचं?’ हा प्रश्न आधारगृहांतल्या बायकांनी उभा केला. १९७७मध्ये बॉस्टनमध्ये ‘इमर्ज’ ही संस्था निघाली. मारहाण करणाऱ्या पुरुषांशी पुरुषांनीच बोलायचं, अशी ती गटाची कल्पना होती.

१९७९मध्ये दोन गोष्टी झाल्या. लेनोर वॉकर यांनी ‘हिंसेचं चक्र’ मांडलं : ताण साचतो, स्फोट होतो, मग माफी, रडणं, भेटवस्तू, गोडीगुलाबी. या तिसऱ्या टप्प्यात असलेल्या माणसाला तुम्ही ‘सुधारला का?’ म्हणून विचारलंत, तर तो हो म्हणेल. आणि मनापासून म्हणेल! दुसरी गोष्ट, मरे स्ट्राउस यांनी हिंसा मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली : गेल्या वर्षभरात किती वेळा ढकललं, किती वेळा थोबाडीत मारली, किती वेळा शस्त्र उगारलं. मोजमाप हाती आलं आणि प्रयोगाचा रस्ता मोकळा झाला. पण मोजमाप कृत्यांचं होतं. भीती त्यात मोजली जात नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मिनियापोलिस : पहिला मोठा प्रयोग आणि त्यातले दोन रकाने

१९८१-८२मध्ये लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी मिनियापोलिस शहरात एक धाडसी प्रयोग केला. घरगुती मारहाणीची तक्रार आली, जखम फार गंभीर नसली आणि दोघंही हजर असले, तर पोलिसाने तीनपैकी एकच गोष्ट करायची : अटक, समजावणं, किंवा त्या माणसाला आठ तासांसाठी घराबाहेर काढणं. कोणती, हे पोलिसाने ठरवायचं नाही. त्याच्या हातातल्या वहीत तीन रंगांचे फॉर्म उलटसुलट क्रमाने लावलेले असायचे. वरच्या फॉर्मचा जो रंग, ती कृती. यालाच यादृच्छिक वाटप म्हणतात. चिठ्ठी टाकावी तसं.

सहा महिने पाठपुरावा झाला. पोलीस दप्तराप्रमाणे पुन्हा हिंसा झाल्याचं प्रमाण असं होतं : अटक केली तिथे १० टक्के, समजावलं तिथे १९, बाहेर काढलं तिथे २४. आता बायकांच्या मुलाखतींचा रकाना बघा : अटक १९, समजावणं ३७, बाहेर काढणं ३३.

पुढे वाचण्याआधी हे दोन रकाने शेजारी शेजारी लिहून काढा. अटकेचा आकडा दोन्हीकडे सर्वांत कमी आहे, हे खरं. पण बायकांना विचारलं तर अटक आणि समजावणं या दोन्ही गटांतली हिंसा दप्तरातल्यापेक्षा जवळपास दुप्पट दिसते. आणि दप्तराप्रमाणे सगळ्यांत वाईट उपाय बाहेर काढणं, तर बायकांच्या सांगण्याप्रमाणे समजावणं. स्रोत बदलला की निष्कर्षांचा क्रम बदलतो. शिवाय सहा महिन्यांच्या सगळ्या मुलाखती पूर्ण झालेल्या बायका जेमतेम निम्म्या होत्या. उरलेल्या कुठे गेल्या? घर बदललं, फोन उचलला नाही, की तो शेजारी बसला होता म्हणून बोलल्या नाहीत? हा ‘गळालेला नमुना’ पुढच्या प्रत्येक अभ्यासात आपल्याला भेटणार आहे.

१९८४मध्ये निकाल छापून आले. त्याच वर्षी अमेरिकी ॲटर्नी जनरलच्या कृतिगटाने अटकेची शिफारस केली आणि पुढच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. एका शहरातल्या सुमारे सव्वातीनशे प्रकरणांच्या जोरावर! खुद्द संशोधकांनी सक्ती नको आणि प्रयोग दुसरीकडे पुन्हा करून बघा, असं म्हटलं होतं. एकदा धोरणाला हवं ते वाक्य सापडलं की पुढची ओळ कोण वाचतो?

पुन्हा करून बघितल्यावर

प्रयोग ओमाहा, शार्लट, मिलवॉकी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि मायामी परिसरात पुन्हा झाला. निकाल सरमिसळ आले. मिलवॉकीत ज्यांना नोकरी होती त्यांच्यावर अटकेचा धाक बसला, पण बेकारांमध्ये उलट हिंसा वाढलेली दिसली. ज्याला गमावण्यासारखं काही आहे तो बिचकतो, ज्याला नाही तो चिडून घरी येतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. २००१मध्ये पाचही शहरांची मिळून ४,०३२ प्रकरणं एकत्र तपासली गेली. अटकेचा परिणाम चांगला, पण माफक निघाला. आणि एक अनपेक्षित गोष्ट दिसली : अटक होवो न होवो, बहुसंख्य पुरुषांच्या नावावर पाठपुराव्याच्या काळात पुन्हा हिंसा नोंदली गेली नव्हती.

या प्रयोगाची शेवटची ओळ फार उशिरा लिहिली गेली. मिलवॉकीतल्या १,१२५ बायकांचं पुढे काय झालं, हे २३ वर्षांनी शर्मन आणि हीदर हॅरिस यांनी मृत्यूच्या नोंदींवरून तपासलं. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण, ज्यांच्या जोडीदाराला नुसती ताकीद दिली होती त्यांच्यापेक्षा ६४ टक्के जास्त निघालं. कृष्णवर्णीय बायकांमध्ये ९८ टक्के जास्त. यातले बहुतेक मृत्यू खुनाचे नव्हते, आजारपणाचे होते. २०१५मध्ये हे छापून आलं आणि वाद सुरू झाला.

यावरून ‘पोलिसांना बोलवू नये’ असा निष्कर्ष काढणारे चूक करतात. ती अटक काही तासांची होती. तो घरी परतल्यावर तिच्यासोबत कुणी नव्हतं. प्रयोगाने त्याला काय करायचं याचे पर्याय तपासले. तिला काय द्यायचं हा रकाना प्रयोगात नव्हताच.

डुलुथ : वर्ग भरवणारं शहर

मिनेसोटातच, सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचं शहर आहे. १९८०-८१च्या सुमारास तिथे एलन पेन्स आणि मायकेल पेमार यांच्या गटाने पोलीस, सरकारी वकील, न्यायालय आणि आधारगृह यांना एका सूत्रात बांधलं. दोषी पुरुषाला आठवड्यातून एकदा गटात बसायचं आणि आपल्या वागण्याचा हिशोब द्यायचा. या वर्गांत वापरलं जाणारं ‘सत्ता आणि नियंत्रणाचं चाक’ जगभर गेलं. १९८४मध्ये डुलुथमधल्या बायकांशी बोलून ते तयार झालं होतं. त्याच्या आऱ्यांवर लिहिलेलं असतं : धमकावणं, एकटं पाडणं, पैशाची नाकेबंदी, मुलांचा हत्यारासारखा वापर, ‘मी काही केलंच नाही’ म्हणून दोष तिच्यावर ढकलणं. मारहाण चाकाच्या कडेला आहे, आतल्या सगळ्याला धरून ठेवणारी धाव म्हणून.

पुढे न्यायालयं डुलुथचा वर्ग तेवढा उचलून न्यायला लागली. पोलीस, आधारगृह आणि न्यायालय यांची साखळी मागेच राहिली. कॅलिफोर्नियात तर शिक्षा स्थगित झालेल्या दोषींना ५२ आठवड्यांचा वर्ग कायद्यानेच बंधनकारक झाला. मजा अशी, की पेन्स यांनी स्वतः १९९९मध्ये लिहिलं, की प्रत्येक पुरुषाच्या वागण्यामागे सत्तेची इच्छा असते असं धरून चालल्याने समोरच्या माणसांचं प्रत्यक्ष बोलणं आम्हाला नीट ऐकू आलं नाही. आपलंच गाजलेलं गृहीतक तपासून जाहीर दुरुस्ती करणं सोपं नसतं. सिद्धान्ताचं प्रकरण लिहिताना पेन्स यांची आठवण ठेवा.

वर्गांची परीक्षा

वर्ग पसरल्यावर साहजिकच प्रश्न आला : याने फरक पडतो का?

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्यात लिनेट फेडर आणि लॉरा ड्युगन यांनी दोषी ठरलेले ४०४ पुरुष घेतले. सगळ्यांवर वर्षभर न्यायालयाची देखरेख. निम्म्यांना त्याशिवाय २६ आठवड्यांचा वर्ग. वर्षाअखेर दोन्ही गटांत पुन्हा अटक झालेले २४ टक्के. फरक शून्य.

ब्रुकलिनमध्ये ३७६ पुरुषांवर प्रयोग झाला. ४० तासांचा तोच अभ्यासक्रम काहींना ८ आठवड्यांत, काहींना २६ आठवड्यांत दिला, आणि तिसऱ्या गटाला वर्गाऐवजी समाजसेवेचं काम. ८ आठवड्यांच्या गटात वर्ग पूर्ण करणारे बरेच जास्त होते. तरी नव्या तक्रारी कमी झाल्या त्या २६ आठवड्यांच्या गटात. आता विचार करा. शिकण्याने फरक पडत असता, तर जास्त जण शिकून बाहेर पडले त्या गटात तो दिसायला हवा होता. दिसला तो जास्त काळ न्यायालयाच्या नजरेखाली असलेल्या गटात. म्हणजे हा बदल मनाचा असेल असं नाही, पहाऱ्याचाही असू शकतो. आणि बायकांना विचारलं तेव्हा गटांमधला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हताच.

सॅन दिएगोच्या नाविक तळावर फ्रँकलिन डनफोर्ड यांनी ८६१ जोडप्यांचे चार गट केले : पुरुषांचा वर्ग, जोडप्यांचा वर्ग, कडक देखरेख, आणि फक्त बायकोला सुरक्षिततेचं मार्गदर्शन. वर्षभरात बायकांच्या सांगण्यानुसार ८३ टक्के पुरुषांनी पुन्हा जखमी केलं नाही. पण चारही गटांत फरक नाही. हे सगळे पगारी नोकरीतले, वरिष्ठांना नावानिशी माहीत असलेले लोक होते, हे विसरू नका.

२००४मध्ये ज्युलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २२ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. अटक आणि शिक्षा झालेला पुरुष वर्गाला गेला, तर नुसती अटक आणि शिक्षा झालेल्याच्या तुलनेत तिच्यावर पुन्हा हल्ला होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी. फक्त पाच.

एडवर्ड गोंडॉल्फ यांनी या सरासरीवर आक्षेप घेतला. त्यांनी चार शहरांतले ८४० पुरुष घेतले आणि ४ वर्षं त्यांच्या बायकांशी, प्रेयसींशी ठरावीक काळाने बोलत राहिले. जवळपास निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी पुन्हा हात उचलला, बहुतेकांनी पहिल्या काही महिन्यांत. पण चौथ्या वर्षाशी आल्यावर सुमारे ९० टक्के बायकांनी सांगितलं, की गेल्या वर्षभरात मारहाण झालेली नाही. दुसरीकडे पाचातला एक किंवा थोडे जास्त पुरुष पुन्हा पुन्हा मारत राहिले, आणि वर्ग, अटक, कशानेही ते थांबले नाहीत. सरासरीच्या पोटात अशी दोन वेगळी माणसं लपलेली होती. अडचण एवढीच, की समोर बसलेला माणूस या दोघांतला कोणता, हे पहिल्या दिवशी कळत नाही.

पण सुधारणं म्हणजे काय?

इथवर सगळे मारहाण थांबली का एवढंच मोजत होते. आता स्ट्राउस यांच्या प्रश्नावलीची अडचण आठवा. समजा, एका माणसाने वर्षभर हात उचलला नाही. पण तो तिचा फोन तपासतो, पगार काढून घेतो, माहेरी जाऊ देत नाही, आणि ती त्याच्या गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद करते. प्रश्नावलीत त्याचे गुण : शून्य हिंसा. एव्हन स्टार्क यांनी २००७च्या आपल्या ग्रंथात या वागण्याची मांडणी केली आणि सांगितलं, की मूळ गुन्हा स्वातंत्र्य हिरावण्याचा आहे, मारहाण हे त्याचं एक साधन.

ब्रिटनमध्ये लिझ केली आणि निकोल वेस्टमारलँड यांनी ‘मिराबल’ प्रकल्पात उलट्या बाजूने सुरुवात केली. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या ज्या मिराबल भगिनींच्या स्मरणार्थ २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाविरोधी दिवस पाळला जातो, त्यांचं नाव या प्रकल्पाला दिलं आहे. ‘वर्ग यशस्वी झाला असं तुम्ही कधी म्हणाल?’ हे त्यांनी आधी बायकांना, पुरुषांना आणि वर्ग चालवणाऱ्यांना विचारलं. त्यातून सहा निकष निघाले. मारहाण थांबणं हा त्यातला एक. बाकीच्यांत होतं आदराने बोलणं, मुलांचं सुरक्षित बालपण, स्वतःच्या वागण्याची जाणीव आणि एक फार सुंदर निकष : तिच्या वावरण्याची जागा वाढणं. म्हणजे तिला न घाबरता बोलता येतं का, निर्णय घेता येतात का, घराबाहेर पडता येतं का.

२०१५मध्ये निकाल आले. थोबाडीत मारणं, ढकलणं किंवा वस्तू फेकून मारणं आधी ८७ टक्के बायकांनी सांगितलं होतं, वर्षभराने ७ टक्क्यांनी. शस्त्राचा वापर २९ टक्क्यांवरून शून्यावर. पण ताबा ठेवणं आणि तिची मोकळीक या बाबतीत सुधारणा बरीच कमी होती. या अभ्यासात चिठ्ठी टाकून गट केलेले नव्हते आणि शेवटपर्यंत टिकलेल्या जोडप्यांवर आकडे उभे आहेत, ही टीका झाली आणि ती रास्त आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसली : हात आधी थांबतो, हुकूम फार उशिरा थांबतो, आणि कधी कधी थांबतच नाही.

नजर तिच्याकडे वळवल्यावर

आता ज्यासाठी हा सगळा इतिहास सांगितला, तिथे येऊ.

१९८८मध्ये गोंडॉल्फ यांनी आधारगृहातून बाहेर पडणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. कोण परत त्याच्याकडे जायचं ठरवते? याचा एक सगळ्यांत ठळक अंदाज कशावरून येत होता माहितेय? तो समुपदेशनाला जातोय, यावरून. म्हणजे वर्गाचा त्याच्यावर परिणाम होवो न होवो, वर्गाच्या नुसत्या नावाचा तिच्यावर नक्की होतो. तिला वाटतं, आता सुधारेल. आणि गोंडॉल्फ यांच्याच पुढच्या अभ्यासात पुन्हा हिंसा झाली ती बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. दोन्ही निष्कर्ष जोडून वाचा. ती सगळ्यांत जास्त आशेने परतते, तेव्हाच धोका सगळ्यांत जास्त असतो.

मग ‘सोडून का देत नाहीस?’ हा सल्ला बरोबर का? तोही अर्धवट आहे. जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये अमेरिकेतल्या ११ शहरांतल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिवे मारण्याची आधीची धमकी, बंदूक हाताशी असणं आणि ताबा ठेवणाऱ्या माणसापासून वेगळं होणं, या गोष्टींनी जिवाचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे बाहेर पडण्याचा क्षण एकटीने पार करण्याचा नाही.

आणि आता मिशिगनचा प्रयोग. क्रिस सुलिव्हन यांनी आधारगृहातून निघणाऱ्या २७८ बायका घेतल्या आणि चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटातल्या प्रत्येकीला १० आठवडे एक प्रशिक्षित मदतनीस दिली. या मदतनीस म्हणजे कोणी मोठ्या तज्ज्ञ नव्हत्या, कॉलेजातल्या विद्यार्थिनी होत्या. आठवड्यातले काही तास तिच्यासोबत घर शोधणं, नोकरी, वकील, मुलांची शाळा, सरकारी कार्यालयातल्या खेपा. बस. त्या पुरुषाला कुणी भेटलंही नाही. दोन वर्षांनी निकाल बघितला : मदतनीस मिळालेल्यांपैकी २४ टक्के बायकांना या संपूर्ण काळात एकदाही मारहाण झाली नाही, दुसऱ्या गटात ११ टक्क्यांना.

२४ हा आकडा काही आनंदाने नाचावं असा नाही. चारातल्या तिघींना पुन्हा मार बसलाच. पण त्याला बदलण्याच्या खटाटोपातून पाच टक्क्यांचा फरक, आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता तिचे हात मोकळे केल्यावर न मार खाणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट! हे दोन आकडे वेगवेगळ्या अभ्यासांतले आहेत, वेगळ्या पद्धतीने मोजलेले आहेत, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. पण दिशा दिसते.

आपल्या मुलखात

मिनियापोलिसचे निकाल छापून आले त्याच १९८४ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ सुरू केला. म्हणजे पोलीस यंत्रणेच्या आतच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसवली. पोलिसांचा धाक आणि तिची बाजू घेणारं माणूस एकाच जागी. पुढे हे कक्ष राज्यभर गेले. २०००च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र निघालं, कारण पोलिसांकडे न जाणारी बाईसुद्धा टाके घालायला दवाखान्यात येते. पुरुषांच्या बाजूनेही काम झालं. ‘मावा’ म्हणजे ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ ही संघटना मुंबईत १९९३मध्ये उभी राहिली आणि पुण्यात नारी समता मंचाने पुरुष संवाद केंद्र चालवलं.

कायद्यात ‘तो सुधारेल का’ हा प्रश्न नेमका कुठे बसलाय, तेही बघा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४ खाली न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. आणि २००६चे नियम सांगतात, की या समुपदेशनाचा हेतू हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी मिळवणं हा आहे, आणि त्यात त्याला आपल्या हिंसेचं समर्थन करता येणार नाही. “तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं” हे वाक्य तिथे चालत नाही. समजूत घालून नांदायला पाठवणं आणि हमी घेणं यांत हा फरक आहे. कागदावर तरी आहे. प्रत्यक्ष खोलीत काय होतं, हा तुमच्यापैकी कुणाच्या तरी प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

विषय नेमका करायचा तर असा करा : हमीपत्र लिहून घेऊन घरी गेलेल्या बाईचं सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी काय झालं? नोंदवहीत ‘समझोता’ लिहून प्रकरण बंद होतं, पण समझोता हा निकाल आहे की नुसती नोंद?

संशोधनाला निघताना

या इतिहासातून बरोबर न्यायच्या चार गोष्टी.

एक, स्रोत कोण ते आधी लिहा. पोलीस दप्तर, तो, की ती? आणि ज्या बोलल्या नाहीत त्यांची संख्या निष्कर्षाच्या शेजारी छापा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी मदत मागितली होती. म्हणजे दप्तरातून अभ्यास करणारा फार छोटा कोपरा बघतोय.

दोन, बदल कशाला म्हणायचं हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. जिच्या आयुष्यात तो दिसायला हवा, तिला विचारा.

तीन, काळ. सहा महिन्यांचा, चार वर्षांचा आणि तेवीस वर्षांचा पाठपुरावा वेगवेगळी गोष्ट सांगतो. तुमच्याकडे तीनच वर्षं असतील, तर निष्कर्षही तीनच वर्षांचा लिहा.

चार, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची : तुमचा प्रश्न तिला महागात पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा संशोधनासाठी २००१मध्ये नीतिनियम छापले आहेत. एका घरातल्या एकाच बाईला हिंसेबद्दल विचारा, एकांतात विचारा, मध्येच कुणी आलं तर विषय बदलण्याची तयारी ठेवा, आणि मदतीचे पत्ते देता येत नसतील तर मुलाखतच घेऊ नका. विषय बदलण्यासाठी साधी आरोग्याची किंवा आहाराची प्रश्नावली हाताशी ठेवतात. सराव करून जा, कारण दार वाजल्यावर सुचत नाही.

राहता राहिला मूळ प्रश्न. तो सुधारेल का? पन्नास वर्षांचा पुरावा म्हणतो : काही जण मारणं थांबवतात, बरेच जण थांबवतात. त्यातले थोडे हुकूम गाजवणंही सोडतात. एक लहान गट काहीही केलं तरी थांबत नाही. आणि हा त्यातला कोणता, हे आज कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. वर्ग घेणारा नाही, न्यायाधीश नाही, सासूही नाही. म्हणून तिचं घर, तिचा पैसा, तिची सुरक्षितता या प्रश्नाच्या उत्तरावर टांगून ठेवता येत नाही. तो सुधारायचा असेल तर सुधारू दे. तिची व्यवस्था त्याआधी व्हायला हवी.

हे वाचताना तुम्हाला कुणाची आठवण झाली असेल, किंवा हे तुमच्याच घरातलं असेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि तातडीच्या वेळी ११२. आपल्या जिल्ह्याचा संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतो, हे आजच शोधून ठेवा. फोन तपासला जात असेल तर नंबर वहीत लिहू नका, पाठ करा.